खाली महाज्वालामुखी फुटला आणि माणसं कक्षेत असली तर?

प्रश्न असा आला आहे : "पृथ्वीवर एखादा महाप्रचंड ज्वालामुखी फुटला तर त्या वेळी अवकाश स्थानकात असलेल्या लोकांचं काय होईल? ते वाचतील, की वरच अडकून पडतील? आणि आपल्या आधी त्यांना कळेल का?"

प्रश्न गमतीचा वाटला तरी नियंत्रण कक्षात काम केलेल्या माणसाला तो गमतीचा वाटत नाही. आमच्या कामाचा निम्मा भाग "असं झालं तर काय" हे आधी लिहून ठेवण्याचाच असतो. माझी नोकरी उपग्रहांच्या कक्षा सांभाळण्यात गेली. माणसं असलेल्या यानाच्या कन्सोलवर मी बसलेली नाही, त्यामुळे अंतराळवीरांबद्दल जे लिहिते आहे ते जाहीर नोंदींवरून. पण कक्षेचं गणित, जमिनीवरची अँटेना, राखीव वीज, शिफ्टला वेळेवर पोचणारा किंवा न पोचणारा माणूस, हे सगळं दोन्हीकडे सारखंच असतं.

लोक हा प्रश्न विचारताना बहुतेक वर बघतात. राख स्थानकापर्यंत जाईल का, दगड लागतील का, वगैरे. माझ्या मते तो भाग सगळ्यात सोपा आहे. खरा प्रश्न खालचा आहे : स्थानक चालवणारे लोक, त्यांची वीज आणि उतरणाऱ्यांना उचलायला जाणारी हेलिकॉप्टरं यांचं काय होईल? त्याचं उत्तर ज्वालामुखी किती मोठा यापेक्षा तो कुठे फुटला यावर जास्त अवलंबून आहे.

आधी सोपा भाग उरकते. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ हुंगा टोंगा–हुंगा हापाई हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. त्याचा लोट साधारण ५७ किलोमीटर उंच गेला. उपग्रहांच्या चित्रांवरून मोजलेला हा सर्वांत उंच लोट, थेट मध्यांबरात, म्हणजे स्थितांबराच्याही वरच्या थरात शिरलेला. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सात जण होते, आणि स्थानक होतं ४०० किलोमीटरच्याही वर. मधल्या साडेतीनशे किलोमीटरमध्ये राखेला वर नेणारं काहीच नाही. लोट वर चढतो तो मुख्यतः गरम वायू हलका असल्यामुळे, आणि आजूबाजूची हवाच विरळ झाली की तो जोर संपतो. एखादा दगड नुसता भिरकावून ४०० किलोमीटर वर पाठवायचा, तर हवेचा विरोध न धरताही त्याला सेकंदाला पावणेतीन किलोमीटरच्या आसपास वेग द्यावा लागेल. ज्वालामुखीच्या तोंडातून निघणाऱ्या दगडांचा वेग सेकंदाला काहीशे मीटर असतो. गुरूच्या आयो या चंद्रावर तीनशे-चारशे किलोमीटर उंचीचे लोट उठतात खरे, पण तिथे गुरुत्व कमी आणि हवा जवळजवळ नाही. पृथ्वीवर ते जमणार नाही, सुमात्रातला टोबा हा महाज्वालामुखी फुटला तरी नाही.

पण परिणाम अजिबातच वरपर्यंत जात नाही असंही नाही. टोंगाच्या स्फोटाची दाबलहर पृथ्वीला अनेकदा प्रदक्षिणा घालून गेली आणि आयनांबर, म्हणजे वातावरणाचा अगदी वरचा विद्युतभारित थरही ढवळून निघाला. नासाच्या आयकॉन उपग्रहाला तिथे ताशी सातशे किलोमीटरहून जास्त वेगाचे वारे सापडले. जीपीएसच्या अचूकतेवर त्याचा परिणाम होऊ शकतो. स्थानकाच्या कक्षेला मात्र यातून धोका नाही. कक्षा खाली ओढणारी खरी आसामी सूर्य आहे. याच उद्रेकानंतर तीन आठवड्यांच्या आत, फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला, एका सौर वादळाने वरची हवा फुगवली आणि नुकतेच सोडलेले ४९ पैकी बहुतेक स्टारलिंक उपग्रह परत वातावरणात पडून जळाले. ज्वालामुखीमुळे असं काही घडलेलं मला माहीत नाही.

आता "त्यांना आधी कळेल का" याबद्दल. एकदा तसं खरोखर घडलं आहे. २३ मे २००६ ला स्थानकावरच्या जेफ विल्यम्स यांना अल्यूशियन बेटांमधल्या क्लीव्हलँड ज्वालामुखीतून राखेचा लोट निघताना दिसला, आणि त्यांनी अलास्काच्या ज्वालामुखी वेधशाळेला कळवलं. ते बेट इतकं एकाकी आहे की तिथे बघायला दुसरं कोणी नव्हतं. जून २००९ मध्ये कुरील बेटांवरचा सारिचेव्ह फुटला तेव्हाही स्थानक नेमकं वरून चाललं होतं. राखेच्या स्तंभावर बसलेली पांढरीशुभ्र ढगाची टोपी आणि भोवतीच्या ढगांना पडलेलं गोल भोक, हे फोटो तुम्ही पाहिले असतील.

पण हा योगायोगाचा मामला आहे. ४२० किलोमीटरवरून क्षितिज साधारण सव्वादोन हजार किलोमीटरवर असतं. स्थानक दीड तासात एक फेरी मारतं, आणि तेवढ्यात पृथ्वी खालून पूर्वेकडे सरकलेली असते. म्हणजे एखादी जागा दिवसातून काही वेळाच, प्रत्येक वेळी काही मिनिटं नजरेत येते, त्यातही कधी अंधार, कधी ढग. शिवाय कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली. त्यामुळे इंडोनेशिया, फिलिपिन्स, कुरील, अमेरिकेतला यलोस्टोन महाज्वालामुखी यांच्या माथ्यावरून स्थानक जातं, आइसलँडवरून कधीच जात नाही. दुसऱ्या बाजूला जपानचा हिमावारीसारखा हवामान उपग्रह दर दहा मिनिटांनी निम्म्या पृथ्वीचं चित्र पाठवतो. तेव्हा मोठ्या उद्रेकाची बातमी आज अंतराळवीरांना बहुधा खालूनच कळेल. टोंगाचा समुद्राखालचा केबल तुटून तो देश कित्येक आठवडे इंटरनेटशिवाय राहिला. उद्रेकाच्या दुसऱ्या दिवशी अंतराळवीर कायला बॅरन यांनी स्थानकातून राखेचे फोटो काढले, पण खाली बेटांवर माणसं कशी आहेत हे त्यांनाही वरून दिसणं शक्य नव्हतं.

तर वर जीव धोक्यात नाही, आणि फार आधी कळेल असंही नाही. आता खाली येते.

ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, काचेचा आणि खडकाचा चुरा आहे. नियंत्रण कक्षाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक जागा रॉकेट किंवा अँटेना नाहीत, हवेचे फिल्टर आहेत. विजेच्या तारांवरच्या इन्सुलेटरवर राख बसली आणि वरून दव किंवा पाऊस पडला की ती वीज वाहू लागते, ठिणग्या उडतात, लाइन ट्रिप होते. मग डिझेल जनरेटर सुरू होतात. जनरेटरला हवा लागते, हवेत राख आहे, फिल्टर तुंबतात. सर्व्हर थंड ठेवणाऱ्या एसीचंही तेच. आपत्तीच्या कागदपत्रांत डिझेल किती दिवसांचं आहे हे सगळे लिहितात, फिल्टरचे जादा संच किती आहेत हे फार थोडे लिहितात. मी तपासायला बसले की आधी तेवढाच रकाना बघायची आणि तो बहुतेक वेळा रिकामा असायचा.

स्थानकाच्या बाबतीत एक चांगली सोय आहे : सगळं एका जागी नाही. ह्यूस्टन आणि मॉस्कोजवळचं कोरोल्योव्ह ही दोन मोठी केंद्रं, शिवाय जर्मनी आणि जपानमध्ये त्यांच्या त्यांच्या प्रयोगशाळांसाठी केंद्रं. ह्यूस्टन बंद पडलं तर अलाबामातल्या हंट्सव्हिलमधून काम उचलता येतं. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाने ह्यूस्टन पाण्याखाली गेलं तेव्हा नियंत्रक केंद्रातच मुक्काम ठोकून राहिले आणि स्थानक चालवत राहिले. पण वादळ चार दिवसांत जातं. राख पावसाने नीट धुऊन जाईपर्यंत पुन्हा पुन्हा उडत राहते. शिवाय अमेरिकी बाजूचं बहुतेक बोलणं उंचावरच्या दळणवळण उपग्रहांमार्फत न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स आणि प्रशांत महासागरातल्या ग्वाम इथल्या अँटेनांवर उतरतं. या दोन जागा गेल्या तर ह्यूस्टनमध्ये वीज असूनही फारसं बोलता येणार नाही. रशियन बाजूची वेगळी व्यवस्था तेवढी उरेल.

किती दिवस वर राहता येईल? काही महिने, फारशी ओढाताण न होता. पाणी बहुतांश शुद्ध करून परत वापरलं जातं, नासाने २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांवर नेलं. प्राणवायू पाण्यातून काढतात. अन्नाचा साठा एखादं मालवाहू यान चुकलं तरी भागेल असाच ठेवलेला असतो. मुक्काम लांबण्याचीही सवय आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, शटल थांबली, आणि स्थानकावरच्या तिघांना ठरलेल्या शटलऐवजी मे महिन्यात रशियन सोयुझ यानातून यावं लागलं. फ्रँक रुबिओ यांच्या सोयुझला गळती लागली म्हणून ते ३७१ दिवस राहिले. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठवडाभरासाठी गेले आणि नऊ महिन्यांनी आले. स्थानकाला अधूनमधून वर ढकलावं लागतं, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत ते खाली येईल. पण वर्ष-दोन वर्षं म्हणजे या प्रश्नापुरता भरपूर वेळ.

खरी मर्यादा असते ती परतीच्या यानाची. प्रत्येक माणसासाठी स्थानकाला जोडलेल्या यानात एक आसन राखीव असतं, त्यामुळे "जागा नाही म्हणून कोणी मागे राहिलं" असं चित्र साधारणपणे घडत नाही. पण सोयुझ आणि अमेरिकेचं ड्रॅगन ही दोन्ही यानं ठरावीक महिन्यांपुरतीच प्रमाणित असतात. उद्रेक झाला त्या दिवशी यान वर जाऊन दोन महिने झाले आहेत की सहा, यावर सगळं वेळापत्रक ठरेल. ही गोष्ट परिस्थितीवर सोडल्याशिवाय इलाज नाही.

आता उतरण्याबद्दल, कारण इथेच लोकांची कल्पना सगळ्यात जास्त चुकते. राखेच्या थरातून कॅप्सूल जळून जाईल असं वाटतं. ताज्या स्तंभात घुसली तर कवचावर वाळूचा मारा बसेल, यात शंका नाही. पण स्तंभ एका जागी असतो आणि उतरायची जागा आपण निवडतो. सोयुझचं वेग कमी करणारं इंजिन साधारण पावणेपाच मिनिटं चालतं आणि त्यानंतर पाऊण-एक तासात माणसं जमिनीवर असतात. ही जागा एक फेरी पुढेमागे करून हजारो किलोमीटर हलवता येते. जगभर पसरतं आणि वर्ष-दीड वर्ष टिकतं ते गंधकाचं धुकं, राख नव्हे. त्याचे थेंब इतके बारीक की कॅप्सूलला त्याचं काही वाटत नाही. हे नुसतं गणित नाही. १५ जून १९९१ ला पिनाटुबो फुटला आणि त्याने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात सोडला. त्या वेळी सोव्हिएत संघाच्या मीर स्थानकावर आर्तसेबार्स्की आणि क्रिकाल्योव्ह होते. ऑगस्टमध्ये अटलांटिस शटलवरून काढलेल्या एका प्रसिद्ध फोटोत ढगांच्या वर पिनाटुबोच्या धुक्याचे दोन काळसर थर स्पष्ट दिसतात. ती शटल तीन दिवसांनी व्यवस्थित उतरली. आर्तसेबार्स्की ऑक्टोबरमध्ये आले. क्रिकाल्योव्ह पुढच्या मार्चमध्ये, आणि तोवर त्यांचा देशच बरखास्त झाला होता. पृथ्वी अर्धा अंश गार करणाऱ्या त्या धुक्यातून येताना यापैकी कुणालाही त्याचा त्रास झाला नाही.

मला काळजी वाटते ती शेवटच्या पाच किलोमीटरची आणि त्यानंतरच्या पाच तासांची. सोयुझमध्ये एक झडप असते. पॅराशूट उघडल्यानंतर, जमिनीपासून साधारण पाच किलोमीटरवर ती उघडते आणि बाहेरची हवा आत घेते. (हीच झडप १९७१ मध्ये सोयुझ-११ वर अवकाशातच उघडली आणि तिघांचा जीव गेला. म्हणून आता उतरताना दाबाचा पोशाख सक्तीचा आहे.) खाली राख तरंगत असेल तर तीच हवा कॅप्सूलमध्ये येणार. पोशाखाची काच खाली असेपर्यंत ठीक.

त्यापुढे प्रश्न हेलिकॉप्टरांचा. कझाकस्तानच्या गवताळ मैदानात उतरणाऱ्यांना उचलायला हेलिकॉप्टरं येतात, समुद्रात उतरणाऱ्या ड्रॅगनसाठी बोटी आणि हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टरचं इंजिनही टर्बाइनच. जून १९८२ मध्ये जावाच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या जंबो जेटची चारही इंजिनं बंद पडली, कारण काचेचा तो चुरा आतल्या उष्णतेत वितळतो आणि पुढच्या गार पात्यांवर पाकासारखा चिकटून घट्ट होतो. नशिबाने विमान राखेतून खाली बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली. २०१० मध्ये आइसलँडचा तुलनेने किरकोळ उद्रेक झाला, तरी युरोपचं बहुतेक आकाश जवळपास आठवडाभर बंद होतं. राखेत कोणताही शहाणा वैमानिक उडणार नाही. मग उरतात चाकांच्या गाड्या आणि अंतर. सहा महिने वजनरहित राहिलेल्या माणसाला पहिल्या दिवशी धड उभं राहवत नाही. २००३ च्या त्या सोयुझमधले तिघे ठरलेल्या जागेपासून चारशेहून अधिक किलोमीटर अलीकडे उतरले आणि मदत पोचायला कित्येक तास लागले. हवा स्वच्छ होती तेव्हाची ही गोष्ट.

म्हणून मी सुरुवातीला "कुठे" म्हटलं. सुमात्रातला टोबा ७४ हजार वर्षांपूर्वी फुटला, तो गेल्या काही लाख वर्षांतला सगळ्यात मोठा उद्रेक मानला जातो. टोबाची राख आपल्याकडे पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरी इथे आणि कऱ्हेकाठी मोरगावजवळ सापडते, तीन हजारांहून जास्त किलोमीटरवर. (बोरीची राख टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची यावर संशोधकांत वाद आहे.) तसा उद्रेक आज झाला तर दक्षिण आशियाचे हाल कुत्रा खाणार नाही. पण कझाकस्तानचं मैदान, ह्यूस्टन, मॉस्को, फ्लोरिडा सगळं राखेच्या मुख्य पट्ट्याबाहेर राहील. निव्वळ अंतराळवीरांना उतरवण्यापुरतं बोलायचं तर टोबा सोपा. उलट यलोस्टोन फुटला तर अमेरिकेच्या बऱ्याच भागावर कमी-जास्त राख पडेल, दोन हजार किलोमीटरवरच्या ह्यूस्टनचीही खात्री देता येणार नाही, आणि तेव्हा सगळा भार मॉस्को आणि सोयुझवर. रशियाच्या पूर्व टोकाला कुरील किंवा कामचात्कात मोठा उद्रेक झाला तर सोयुझसाठी राखीव ठेवलेल्या जागांपैकी ओखोत्स्कचा समुद्र हातचा गेला. चीनच्या तियानगाँग स्थानकाचं गणित थोडं वेगळं, त्यांची माणसं गोबीच्या वाळवंटात उतरतात, पण नियम तोच.

माणसांच्या मनाचं काय, हे विचारलेलं नाही, तरी दोन ओळी. ११ सप्टेंबर २००१ ला फ्रँक कल्बर्टसन हे पृथ्वीबाहेर असलेले एकमेव अमेरिकी नागरिक होते. न्यूयॉर्कवरचा धूर त्यांनी स्थानकातून टिपला आणि पेंटागॉनवर आदळवलेल्या विमानाचा वैमानिक आपला वर्गमित्र होता हे त्यांना नंतर कळलं. तरीही त्यांनी आणि दोन रशियन सहकाऱ्यांनी आपलं काम पूर्ण केलं. वरच्या लोकांना वेड लागेल असं जे दाखवतात ते मला पटत नाही. त्यांना सगळ्यात जास्त बातमी हवी असेल, घरची.

मी ती कागदपत्रं लिहिली तर काय लिहीन? पहिले दोन-तीन आठवडे कुणालाही उतरवू नका. वर थांबण्याची किंमत जवळजवळ शून्य आहे आणि या काळात जाड राख खाली बसते, वारे कुठून कुठे नेत आहेत ते समजतं, हेलिकॉप्टरांची आणि इंधनाची मोजदाद होते. मात्र तीन महिन्यांच्या पुढे ओढूही नका. आपत्ती खरीच मोठी असेल तर खालची व्यवस्था दर महिन्याला पातळ होत जाईल : सुटे भाग, डिझेल, आणि गावी निघून गेलेले तंत्रज्ञ. आकाश हळूहळू निवळत जाईल आणि उचलायला येणारे हळूहळू कमी होत जातील, या दोन्हींच्या मधला काळ साधायचा.

अपवाद एकच : जमिनीशी बोलणंच पूर्ण तुटलं तर. त्याचीही सोय आहे. सोयुझच्या चमूला नियमितपणे एक तक्ता पाठवला जातो, कोणत्या फेरीला कधी इंजिन पेटवलं तर कुठे उतराल याचा. उतरण्याची सगळी क्रिया ते खालच्या मदतीशिवाय करू शकतात आणि आणीबाणीचं सामानही बरोबर असतं. फक्त तो तक्ता काही दिवसांतच शिळा होतो, कारण स्थानकाची कक्षा रोज थोडी बदलते. तेव्हा संपर्क गेल्यावर त्यांच्याकडे विचार करायला आठवडे नसतील. शेवटचा तक्ता कामाचा आहे तोवर, राख नसलेली त्यातली ओळ निवडून त्यांना निघावं लागेल.